कामाचे स्वरूप थोडक्यात लिहा

रात्रीचे अडीच. नळाला पाणी यायचा आज दिवस,
म्हणजे रात्र. पाचवी.
बॅरलचं झाकण काढून मी पायरीवर बसलेय
आणि मोबाईल विचारतोय :
तुम्हाला कसली मदत हवी आहे?

खाली चौकोन. प्लंबर, सुतार, झुरळांचा बंदोबस्त,
लग्नाची मेंदी, गणिताची शिकवणी.
शेवटून दुसरा : ज्येष्ठांची देखभाल.
चित्रातली म्हातारी कप धरून हसतेय,
आमच्या अम्मासारखी मुळीच नाही.

कामाचे स्वरूप थोडक्यात लिहा. दोनशे अक्षरं.

लिहिलं : आई, वय चौऱ्याहत्तर, हिंडती-फिरती, विसरते.
खोडलं. विसरते म्हणजे काय,
दुधाचा हिशेब तर मीही विसरते.
लिहिलं : सकाळी नऊ ते संध्याकाळी सात,
मी टॉवेलच्या कारखान्यात बिलं करते, जायला बस बदलावी लागते...
अक्षरं संपत आली
आणि अम्मा अजून सुरूच झाली नव्हती.

भाषा निवडा : मराठी, हिंदी, इंग्रजी.
अम्मा पाणी मागते ते नीळ्ळु म्हणून.
चव्वेचाळीस डिग्रीत
एवढा एक शब्द तरी समोरच्याला यायला हवा.

मग बाया आल्या. बोटाने वर सरकवली की पुढची.
सुनंदा हविनाळे. चार पूर्णांक आठ. दोनशे बारा अभिप्राय.
वेळेच्या पक्क्या. घरच्यासारख्या.
घरच्यासारख्या. घरच्यासारख्या.
इतक्यांदा वाचलं की शब्दातलं घर गळून पडतं.

रेश्मा नदाफ. चार पूर्णांक एक.
कुणीतरी एकच तारा दिलाय, कारण लिहिलेलं नाही.
त्या ताऱ्यापाशी मी बराच वेळ अडले.

अम्मालाही असंच मोजायचे.
शनिवारी विडी कारखान्यात चेकर चष्म्यावरून बघायचा,
हजारातल्या पन्नास बाजूला फेकायचा. छाट.
कारण सांगायची पद्धत नव्हती.
येताना ती माझ्यासाठी पेरू आणायची
आणि घरी दिव्याखाली बसून
स्वतःची बोटं बघायची, एकेक, उलटून पालटून.

शेजारची यल्लव्वा म्हणाली होती,
फोनवर माणूस शोधतात का गं? मी बघते की कुणीतरी.
ते कुणीतरी दोनदा आलं.
दुसऱ्यांदा चांदीचं फुलपात्रही गेलं त्याच्याबरोबर.
तेव्हापासून यल्लव्वा आणि मी पाण्यापुरतं बोलतो.

सगळ्यात खाली भारती म्याकल. नवीन.
तारा एकही नाही.
फोटो लग्नाच्या मांडवातला, शेजारचा कुणाचा तरी खांदा कापून.
अनुभव : सासू, सात वर्षं.
बस. एवढंच.
काम सोडण्याचे कारण, ह्यापुढची जागा रिकामी.

मी चौकोन पुसला. पुन्हा लिहिलं :

आई दिवसभर विड्या वळते. पानं नसतात, तंबाखू नसतो.
मांडीवर सूप द्यावं, नाहीतर घाबरते.
पंचवीस झाल्या की कट्टा बांधून पुढे करते, तो घ्यावा.
छाट काढू नये.

थोडी अक्षरं उरली.
त्यात लिहिलं, नीळ्ळु म्हणजे पाणी.
मग वाटलं, म्याकलबाईंना हे काय सांगायचं.
तरी राहू दिलं.

नळ खोकला. आधी हवा, मग गढूळ,
मग धार.
आत अम्मा जागीच होती :
इरवै मूडु, इरवै नालुगु...
अंगठा त्या बिनताऱ्याच्या नावावर टेकला
तर फोन म्हणाला,
ह्या वेळी कुणीही उपलब्ध नाही, सकाळी कळवू.

आत गेले. तिने अंधारात हात पुढे केला.
मी कट्टा घेतला,
नीट, दोन्ही हातांनी,
आणि कुठे ठेवावा ते सुचेना.
बाहेर बॅरल वाहायला लागलं होतं.